ही गोळी लहान मुलांना देऊन बघितली होती का?

मागच्या वेळी याच मालेत आपण वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास बघितला. भाषण संपलं, खुर्च्या आवरायला सुरुवात झाली, तेव्हा एक बाई थांबल्या होत्या. मुलगा अकरावीत. सहा महिन्यांपासून कॉलेजला जात नाही, जेवत नाही, रात्रभर जागा. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध लिहून दिलं. बाई त्याला गोळी म्हणत होत्या, पण होती ती कॅप्सूल. भाचीनं मोबाईलवर शोधून त्यांना दाखवलं की या औषधावर अमेरिकेत काळ्या चौकटीतली ताकीद छापलेली असते, आणि ती नेमकी तरुण मुलांबद्दलच असते. झालं. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, म्हणून बाई ती एक दिवसाआड देऊ लागल्या. नवऱ्याला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि आम्हाला विचारत होत्या, "सर, ही गोळी लहान मुलांना देऊन बघितली होती का हो कधी? का मोठ्यांचंच औषध आमच्या पोराला देतायत?"

आम्ही इतिहासाची माणसं. गोळी घ्या किंवा घेऊ नका, हे सांगायचा अधिकार आम्हाला नाही, आणि आजही ते सांगायला आम्ही उभे नाही. त्या दिवशी एवढंच म्हणालो की एक दिवसाआडची गोष्ट उद्याच्या उद्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पण प्रश्न मात्र अस्सल इतिहासाचा होता. औषध कुणावर तपासलं, कधी तपासलं, आणि आलेलं उत्तर लोकांना सांगितलं का? आजचं भाषण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा आलेलं आहे, पण आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. मनाचे मोठे आजार हे बऱ्याच अंशी तरुणपणाचेच आजार आहेत. १८७१ साली हेकर या जर्मन डॉक्टरनं एका आजाराचं वर्णन केलं आणि त्याला हेबेफ्रेनिया नाव दिलं. हेबे ही ग्रीकांची तारुण्याची देवता. पुढे १८९० च्या दशकात क्रेपेलिननं त्याला 'अकाली बुद्धिभ्रंश' या अर्थाचं लॅटिन नाव दिलं, त्यालाच आपण आज स्किझोफ्रेनिया म्हणतो. म्हणजे हा आजार विशी-पंचविशीत गाठतो हे नाव ठेवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी औषधं आली तेव्हा ती मोजूनमापून तपासली गेली मोठ्या माणसांवर, आणि मुलांपर्यंत पोहोचली ती अंदाजानं. याला एक अपवाद आहे. तो अगदी सुरुवातीचा आहे, आणि तोही अपघातानं घडलेला.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथले जॉर्ज ब्रॅडली हे टेलिफोनच्या धंद्यात सुरुवातीलाच पैसे घालून श्रीमंत झालेले गृहस्थ. एकुलती एक मुलगी, एमा. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. फिट्स येत, बुद्धीची वाढ खुंटली. पैसा होता, पण तिला घेऊन जायला जागा नव्हती, कारण अशा मुलांसाठी इस्पितळच नव्हतं. ब्रॅडलींनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपली मालमत्ता अशा मुलांच्या इस्पितळासाठी वापरावी. ते १९०६ साली वारले. इस्पितळ उघडलं १९३१ मध्ये, ईस्ट प्रॉव्हिडन्स गावी, एमाच्याच नावानं. फक्त मुलांच्या मनोविकारांसाठी असलेलं अमेरिकेतलं ते पहिलं इस्पितळ.

तिथे चार्ल्स ब्रॅडली डॉक्टर होते. जॉर्ज ब्रॅडलींच्या नात्यातलेच. त्या काळी मेंदूचा फोटो काढायची एक पद्धत होती, ऐकूनच अंगावर काटा येईल. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि मग क्ष-किरणानं चित्र घ्यायचं. एमआरआय, सीटी स्कॅन यायला अजून कितीतरी वर्षं होती. या तपासणीनंतर मुलांची डोकी भयंकर दुखत. ब्रॅडलींना वाटलं, पाणी लवकर परत तयार झालं तर डोकेदुखी थांबेल, आणि त्यासाठी त्यांनी बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन बघितलं. ते ॲम्फेटामिनच्या जातीचं.

डोकेदुखी काही थांबली नाही. पण इस्पितळातल्या शाळेचे शिक्षक येऊन सांगायला लागले की या मुलांना झालंय काय? बसून गणितं सोडवतायत! मुलांनाही फरक कळला. त्यांनीच त्या गोळ्यांना नाव ठेवलं, गणिताच्या गोळ्या.

इथे ब्रॅडलींचं खरं कौतुक आहे. शिक्षकांचं बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. ५ ते १४ वर्षांची ३० मुलं घेतली. आठवडाभर रोज सकाळी गोळी द्यायची, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे दिवस गोळीशिवायचे. परिचारिका आणि शिक्षक रोज नोंद ठेवत. ३० पैकी १४ मुलांच्या अभ्यासात डोळ्यांत भरण्यासारखी सुधारणा झाली. बरीच धडपडी मुलं शांत झाली. उत्तेजक औषधानं मूल शांत होतं, हे वाचून आजही लोक चक्रावतात, ब्रॅडलीही चक्रावले होते. गोळी बंद केली की त्याच दिवशी फरक पुसला जायचा, तेही त्यांनी लिहिलं. सगळं १९३७ साली अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात छापून आलं. मुलाच्या वागणुकीवर औषधाचा उपयोग होतो हे मोजून दाखवणारा हा पहिला ठळक निबंध.

पुढे काय झालं असेल असं वाटतं? जवळजवळ काहीच नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या निबंधाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. मुलांचे मानसिक प्रश्न म्हणजे आईबापांचे, विशेषतः आईचे दोष, असं मानायचा तो काळ. गोळीनं वागणूक बदलते हे त्या चौकटीत बसत नव्हतं. आमच्या मते आईला दोष देणं हे त्या काळचं सगळ्यात स्वस्त औषध होतं, आणि आपल्याकडे ते अजून दुकानात मिळतं.

दरम्यान, १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीतल्या पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञानं एक नवा पदार्थ तयार केला. त्याच्या बायकोचा रक्तदाब कमी असायचा. ती टेनिस खेळायच्या आधी तो पदार्थ घेई आणि खेळ बरा होई. तिचं लाडाचं नाव रीटा, त्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. १९५४ मध्ये ते बाजारात आलं ते मोठ्यांच्या थकव्यासाठी आणि मरगळीसाठी. १९६० च्या दशकात ते चंचल मुलांना मिळायला लागलं, आणि मग ब्रॅडलींचा जुना निबंध लोकांनी शोधून काढला. आज आपण ज्याला एडीएचडी म्हणतो त्याचं मुख्य औषध ते आजही आहे. मोठ्या मुदतीची तपासणी व्हायला मात्र १९९९ साल उजाडलं. अमेरिकेत ५७९ मुलांचा १४ महिन्यांचा अभ्यास झाला. नीट मोजूनमापून औषध दिलेल्या मुलांची लक्षणं नुसत्या वर्तन-उपचारांपेक्षा चांगली आटोक्यात आली. तीन वर्षांनी बघितलं तर तो फरक उरलेला नव्हता, आणि नव्यानं औषध सुरू करून ते चालू ठेवलेल्या मुलांची उंची सुमारे २ सेंटिमीटरनं कमी भरली. चांगलं आणि वाईट, दोन्ही एकाच अभ्यासातून कळलं. अभ्यास केला म्हणून कळलं.

आता जरा आपल्याकडे येऊ. या इतिहासात भारताचा आणि मुंबईचा धागा आहे, आणि तो बारीक नाही.

सर्पगंधा आपल्या वैद्यांना कितीतरी पिढ्या माहीत होती. बिहारकडे तिच्या मुळीला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर चालते. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमाँ सिद्दीकींनी मुळीतली द्रव्यं वेगळी काढली. मग १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, उच्च रक्तदाबाचे. तो निबंध जगभर वाचला गेला. १९५२ मध्ये सीबा कंपनीनंच मुळीतून रिसर्पिन वेगळं केलं, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन अनुभव प्रसिद्ध केला. वकील आणि क्लाइन या दोघांनाही १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण सर्पगंधेचं मोठं काम पुढचंच. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिन दिल्यावर सिरोटोनिन नावाच्या द्रव्याचा शरीरातला साठा रिकामा होतो. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात हे डॉक्टरांच्या पाहण्यात होतंच. या दोन गोष्टींची सांगड लोकांनी घातली, सिरोटोनिन कमी म्हणून मन खिन्न. आज दवाखान्यात तुम्हाला 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' असं जे सांगतात ना, त्या वाक्याचं एक मूळ असं आपल्या मातीतल्या मुळीत आहे. गोष्ट तितकी सोपी नाही, आणि तशी ती सिद्धही झालेली नाही. पण घाबरलेल्या आईबापांना चार शब्दांत समजावायला ते वाक्य सोयीचं पडतं, म्हणून टिकून आहे.

त्याच काळात पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन आलं. तेही चुकून. शोधत होते शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर शांत ठेवणारं औषध. जानेवारी १९५२ मध्ये तिथल्या लष्करी इस्पितळात एका बेफाम झालेल्या रुग्णाला ते दिलं. तो २४ वर्षांचा होता. तीनेक आठवड्यांत तो घरी गेला. त्याच वर्षी सेंट ॲन इस्पितळात डिले आणि डेनिकर यांनी बऱ्याच रुग्णांवर ते वापरून जगाला सांगितलं. त्याआधी उपाय काय होते? इन्सुलिन देऊन बेशुद्ध करायचं, विजेचे झटके, नाहीतर मेंदूचा धागा कापायचा. त्यामुळे १९५० च्या दशकातला उत्साह आपण समजू शकतो. दोन-तीन वर्षांत ही औषधं मुलांनाही मिळायला लागली. त्यांचा ताठरपणा, मान एकदम वाकडी होणं, डोळे वर फिरणं हे परिणाम तरुणांत, त्यातही तरुण मुलग्यांत, जास्त दिसतात. आईबाप ते बघून भेदरतात आणि औषध कायमचं बंद करतात. याला उतारा असतो, आणि तो लवकर लागू पडतो, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आता कायद्याची गंमत बघा. गंमत म्हणायची आणि डोळे पुसायचे. १९३७ साली, म्हणजे ब्रॅडलींच्या निबंधाच्याच वर्षी, अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड पातळ औषध विकलं गेलं. ते ज्या द्रावात विरघळवलं होतं तो विषारी होता. शंभरावर माणसं मेली, त्यांत बरीच मुलं. त्यातून १९३८ चा कायदा झाला, की औषध सुरक्षित असल्याचं आधी दाखवा. पुढे थॅलिडोमाइडमुळे हातपाय नसलेली बाळं जन्माला आली, त्यातून १९६२ चा कायदा झाला, की औषध गुणकारी असल्याचंही सिद्ध करा. दोन्ही कायद्यांची किंमत मुलांनी मोजली. आणि परिणाम काय झाला? मुलांवर तपासणी करणं खर्चाचं आणि जोखमीचं, म्हणून कंपन्या वेष्टनावर एक ओळ छापून मोकळ्या झाल्या, की लहान मुलांमधला वापर तपासलेला नाही. डॉक्टरांपुढे मूल तर बसलेलं असायचं. ते मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबानं कमी करून द्यायचे. हॅरी शर्की नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६० च्या दशकात अशा मुलांना औषधांच्या जगातली अनाथ मुलं म्हटलं.

नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचं तसंच झालं. इमिप्रामिनचा गुण स्विस डॉक्टर रोलंड कून यांनी १९५७ मध्ये दाखवला, मोठ्या माणसांत. पुढची तीसेक वर्षं त्या जातीच्या गोळ्या नैराश्यानं ग्रासलेल्या मुलांना दिल्या गेल्या. अखेर १९९५ मध्ये मुलांवरचे १२ प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की मुलांमध्ये या गोळ्या आणि नुसती साखरेची गोळी यांत धड फरकच नाही. मोठ्यांना गुण येतो, मुलांना येत नाही. मधल्या काळात त्यांतलं एक औषध घेणारी काही मुलं अचानक दगावल्याच्या नोंदी झाल्या होत्या. वजनाच्या हिशेबानं डोस कमी करता येतो, पण मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, ही साधी गोष्ट कळायला इतकी वर्षं लागली.

आता त्या बाईंच्या कॅप्सूलकडे येऊ. चिठ्ठीवर नाव होतं फ्लुऑक्सेटीन.

हे औषध अमेरिकेत १९८७ च्या अखेरीला मंजूर झालं, मोठ्यांसाठी. मग १९९७ मध्ये डॅलसच्या एम्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १७ वर्षांच्या ९६ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, आठ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे ना मुलांना माहीत, ना डॉक्टरांना. औषधवाल्या गटात ५६ टक्के मुलं लक्षणीय सुधारली, दुसऱ्या गटात ३३ टक्के. नुसत्या देखाव्याच्या कॅप्सूलवर, नियमित भेटींवर आणि आपुलकीवर तिसरा हिस्सा मुलं सुधारली, हेही विसरू नका. आणखी एका प्रयोगात फायदा दिसल्यावर जानेवारी २००३ मध्ये हे औषध मुलांच्या नैराश्यासाठी अधिकृतपणे मंजूर झालं.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. हो. ही गोळी मुलांना देऊन बघितली होती.

मग काळी चौकट कुठून आली? ती गोष्ट दुसऱ्या औषधापासून सुरू होते. पॅरोक्सेटीन. त्याच कुळातलं, वेगळ्या कंपनीचं. १९९० च्या दशकात त्या कंपनीनं १२ ते १८ वर्षांच्या २७५ मुलामुलींवर प्रयोग केला. तो अभ्यास क्रमांक ३२९ या नावानं प्रसिद्ध, खरं तर कुप्रसिद्ध आहे. सुरू करण्याआधी काय काय मोजायचं ते ठरवून लिहून ठेवलेलं होतं, आणि त्यातल्या एकाही मापात औषध सरस ठरलं नाही. कंपनीच्या आतल्या कागदांत ते मान्यही केलेलं होतं. पण २००१ मध्ये बावीस लेखकांच्या नावानं जो निबंध छापून आला, त्याचा सूर असा की औषध गुणकारी आहे आणि मुलांना सोसतं. निबंधाचा पहिला मसुदा कंपनीनं पैसे देऊन बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलेला होता. आणि ज्या मुलांनी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला किंवा तसा विचार बोलून दाखवला, त्यांच्यापुढे नोंद होती ती 'भावनिक चढउतार' अशा अर्थाच्या शब्दाची.

एक शब्द बदलला की माणूस तक्त्यातून कसा नाहीसा होतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं शिकायचं असेल तर हा निबंध वाचावा.

जून २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी १८ वर्षांखालील नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन वापरू नका असं सांगितलं. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत जाहीर सुनावणी झाली. आईबाप एकामागून एक उठून बोलले. काहींची मुलं औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत गेली होती. काहींनी सांगितलं की आमचं लेकरू याच औषधामुळे जिवंत आहे. दोघंही खरं बोलत होते. तिथे बसलेल्या तज्ज्ञांपुढे किती अवघड प्रसंग असेल, याचा विचार करा.

मग नियंत्रकांनी सगळ्या कंपन्यांचे मुलांवरचे प्रयोग मागवले, छापलेले आणि न छापलेलेही. एकूण २४ प्रयोग, ४,४०० हून अधिक मुलं. नोंदी नव्यानं वाचून घेतल्या, यावेळी शब्दांच्या आड न लपता. आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, औषध नसलेल्यांत सुमारे २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या त्या २४ प्रयोगांत एकही नाही. या आकड्यांवरून ऑक्टोबर २००४ मध्ये काळी चौकट आली, त्या कुळातल्याच नव्हे तर नैराश्यावरच्या सगळ्याच औषधांवर. फ्लुऑक्सेटीनवरही. २००७ मध्ये वयाची मर्यादा २४ पर्यंत नेली.

चौकटीतला मजकूर भाचीनं नीट वाचून दाखवला असता तर बाईंना कळलं असतं की तिथे 'देऊ नका' असं लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं, की सुरुवातीच्या काही महिन्यांत आणि डोस कमी किंवा जास्त करताना मुलावर बारीक लक्ष ठेवा. डोस बदलताना! आणि बाई घाबरून नेमकं तेच करत होत्या, कुणाचंही लक्ष नसताना. फ्लुऑक्सेटीन शरीरात बरेच दिवस टिकून राहतं, एवढं त्यांचं नशीब. पॅरोक्सेटीन लवकर उतरतं, आणि ते असं मध्येच तोडलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास उठतो.

त्याच २००४ सालच्या ऑगस्टमध्ये आणखी एक अभ्यास आला, यावेळी सरकारी पैशानं, कंपनीच्या नव्हे. १२ ते १७ वर्षांची ४३९ मुलं, १२ आठवडे. फ्लुऑक्सेटीन आणि बोलण्याचे उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली. नुसतं फ्लुऑक्सेटीन, ६१ टक्के. नुसते बोलण्याचे उपचार, ४३. देखाव्याची कॅप्सूल, ३५. आत्महत्येचे विचार चारही गटांत कमी झाले, सगळ्यात जास्त कमी झाले ते दोन्ही उपचार मिळालेल्यांत. आपल्या गावात समुपदेशक मिळत नाही, डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याला बहुतेकदा ६१ वालाच उपचार येतो. तोही आपण एक दिवसाआड करतो.

अभ्यास ३२९ चं पुढे काय झालं ते सांगतो. २०१२ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि एकूण ३ अब्ज डॉलर भरले. त्या प्रकरणात इतर औषधंही होती, पण मुलांसाठी मंजुरी नसताना पॅरोक्सेटीनचा प्रचार केला हा एक आरोप होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ नोंदी तपासून तोच अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पुन्हा मांडला. निष्कर्ष उलटा आला, उपयोग नाही आणि अपाय जास्त. २००१ चा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानं मात्र तो मागे घेतला नाही.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांबद्दल थोडं बोलून थांबतो, कारण समोर बसलेल्यांत काही घरं त्या आजाराचीही असतील. क्लोझापिन हे औषध १९७५ मध्ये जवळजवळ मेलं होतं. फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या आणि जंतुसंसर्गानं आठजण दगावले. बऱ्याच देशांनी ते मागे घेतलं. पण दुसऱ्या कशानंच गुण न येणाऱ्यांना ते लागू पडायचं, म्हणून काही डॉक्टरांनी ते सोडलं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत अशा हट्टी आजाराच्या रुग्णांवर प्रयोग झाला. क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, जुन्या औषधावर ४ टक्के. मग ते परत आलं, पण एका अटीवर, की रक्त तपासत राहायचं, सुरुवातीला दर आठवड्याला. १९९६ मध्ये लहानपणीच स्किझोफ्रेनिया झालेल्या २१ मुलांवर ते तपासलं गेलं. सरासरी वय १४. तिथेही ते सरस ठरलं, आणि रक्ताचे व फिट्सचे त्रासही दिसले. दर आठवड्याला मुलाला सुई टोचायला नेताना जीव कळवळतो, पण ती सुई त्या आठ माणसांमुळे आहे.

वजनाचंही तसंच. नव्या जातीची औषधं आली तेव्हा त्यांनी अंग ताठरत नाही म्हणून सगळे खूश होते. २००९ मध्ये पहिल्यांदाच अशी औषधं घेणाऱ्या ४ ते १९ वर्षांच्या २७२ मुलांची वजनं मोजली. साधारण ११ आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी साडेआठ किलो वाढलं, रिस्पेरिडोनवर सव्वापाच, ॲरिपिप्राझोलवर साडेचारच्या आत. अकरा आठवडे म्हणजे शाळेचं एक सत्रसुद्धा नव्हे. मुलगी गोळ्या का फेकते, असं आईबाप विचारतात. आरशात बघून फेकते. तिला रागावण्याआधी हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावं, औषध बदलता येतं का ते विचारावं. हे आकडे असल्यामुळे आता तसं विचारता येतं. १९९० च्या दशकातल्या आईला ते नव्हते.

मुलांवरच्या या अभ्यासांची आपण यादी केली तर जवळजवळ सगळे अमेरिकेतले निघतात. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७ टक्क्यांहून अधिक मुलांत मानसिक आजार आढळला. शंभरातली सात. सत्तर-ऐंशी मुलांच्या एका वर्गात पाचेक.

त्या बाई पंधरा दिवसांनी भेटल्या, बसस्टॉपवर. डॉक्टरांना सांगितलं म्हणाल्या. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वही मागितली आणि कुठल्या दिवशी दिली, कुठल्या दिवशी नाही, ते लिहून घेतलं. मुलगा अजून कॉलेजला जात नाही. रात्री मात्र झोपतो. बस आली, बोलणं तिथंच राहिलं.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांना माईक द्या. आणि कुणाला सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर टेलिमानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.